बँकेचे कार्ड आणि ओळखपत्र एकाच प्लास्टिकवर: जमते कसे, अडते कुठे

सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्लीत जनगणना भवनाच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी एक शक्यता बोलून दाखवली होती. आधार, पारपत्र, बँक खाते, वाहन परवाना आणि मतदार ओळखपत्र या सर्वांचे काम करणारे एकच कार्ड का असू नये, असा तो विचार होता. मुंबईत रोज पाकिटात डेबिट कार्ड, पॅन, परवाना, कार्यालयाचे ओळखपत्र आणि मेट्रोचे कार्ड घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे ऐकायला बरे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. काही देशांनी ती आधीच अमलात आणून पाहिली होती आणि त्यांचे अनुभव फारसे उत्साहवर्धक नव्हते. त्याचे कारण तंत्रज्ञान अपुरे पडले हे नव्हे. एका चिपमध्ये पैसा आणि ओळख शेजारी शेजारी नांदू शकतात. अडचण सुरू होते ती कार्ड हरवल्यावर, मुदत संपल्यावर किंवा कोणी फसवल्यावर, म्हणजे कार्डाची जबाबदारी नेमकी कोणाची हा प्रश्न उभा राहतो तेव्हा.

प्रथम ही दोन कार्डे नेमके काय सांगतात ते पाहू. ओळखपत्र सांगते की समोरची व्यक्ती अमुक आहे आणि ही गोष्ट शासनाने तपासून पाहिलेली आहे. बँकेच्या कार्डाला ती व्यक्ती कोण याच्याशी फारसे देणेघेणे नसते. अमुक खात्यातून एवढी रक्कम देण्यास खातेदाराची संमती आहे, एवढेच ते सांगते. म्हणूनच दादरच्या एखाद्या औषधाच्या दुकानात आपण कार्ड टेकवतो तेव्हा दुकानदार आपला चेहरा आणि कार्डावरचे नाव ताडून पाहत नाही आणि त्याला तसे करण्याची गरजही नसते.

दोन्हींचा आकार मात्र तंतोतंत सारखा असतो. ८५.६० मिलिमीटर लांबी, ५३.९८ मिलिमीटर रुंदी आणि ०.७६ मिलिमीटर जाडी हे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवलेले आहे. बँकेची कार्डे, अनेक देशांची ओळखपत्रे आणि आपले नवे वाहन परवानेही याच मापाचे असतात. कार्डावर दिसणारी सोनेरी चकती ही खरे तर चिप नव्हे. ती यंत्राशी संपर्क साधण्यासाठी केलेली पट्ट्यांची जागा असून तिच्याखाली काही मिलिमीटरांची चिप दडलेली असते. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. यंत्रात खुपसल्यावर किंवा यंत्राजवळ नेल्यावर तिला वीज मिळते, ती जागी होते आणि यंत्राच्या प्रश्नांची उत्तरे देऊ लागते. अर्थात तो एक लहानसा संगणकच असतो आणि त्याच्यात एकाहून अधिक प्रोग्रॅम राहू शकतात.

यंत्राचा पहिला प्रश्न साधारणपणे असा असतो की तुझ्याकडे कोणकोणते प्रोग्रॅम आहेत. प्रत्येक प्रोग्रॅमला आंतरराष्ट्रीय पद्धतीने दिलेला एक क्रमांक असतो, त्यावरून यंत्र आपल्याला हवा तो निवडते आणि पुढचे सारे संभाषण त्याच प्रोग्रॅमशी होते. पैशाचा प्रोग्रॅम निवडला तर चिप रक्कम, तारीख, यंत्राने दिलेली एक यादृच्छिक संख्या आणि आजवरच्या व्यवहारांची मोजणी एकत्र करून, आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीच्या आधारे एक संकेत तयार करते. हा संकेत फक्त त्याच व्यवहारापुरता चालतो. तो दुकानदाराच्या बँकेकडून, रुपे कार्ड असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेमार्फत, कार्ड देणाऱ्या बँकेकडे पोहोचतो. ती बँक तो पडताळते आणि होकार किंवा नकार कळवते. गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधीही येत नाही. जुन्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती जशीच्या तशी उतरवून नकली कार्ड बनवता येत असे, चिपच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य झाले ते यामुळे.

ओळखीचा प्रोग्रॅम वेगळ्या रीतीने चालतो. त्यात नाव, जन्मतारीख, छायाचित्र अशी माहिती असते आणि तिच्यावर शासनाची डिजिटल स्वाक्षरी असते. तपासणाऱ्या यंत्राकडे शासनाची सार्वजनिक किल्ली असली की कोणाशीही संपर्क न साधता, इंटरनेट नसतानाही, माहितीत फेरफार झालेला नाही याची खात्री करता येते. थोडक्यात, पैशाच्या बाबतीत अंतिम उत्तर बहुतेक वेळा बँकेच्या संगणकाकडून येते, तर ओळखीच्या बाबतीत ते कार्डातच असते. चिपमध्ये या दोघांसाठी वेगवेगळे सुरक्षित कप्पे असतात आणि एका कप्प्यातला प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यातली माहिती वाचू शकत नाही. औषधाच्या दुकानातल्या यंत्राला आपली जन्मतारीख कळेल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु नीट बनवलेल्या कार्डाबाबत ती निराधार आहे. कार्डाच्या पाठीवर जन्मतारीख छापलेली असली तर ती दुकानदाराला डोळ्यांनी दिसेल हे खरे, पण तो दोष चिपचा नव्हे.

खरी गुंतागुंत पुढे आहे. या कप्प्यांच्या वर संपूर्ण कार्डाचा कारभार पाहणारी एक मुख्य किल्ली असते. नवा प्रोग्रॅम घालणे, जुना काढणे, संपूर्ण कार्ड बंद करणे हे तिच्या जोरावर होते. ही किल्ली बँकेकडे ठेवावी की शासनाकडे? बँकेकडे ठेवली तर नागरिकाच्या ओळखपत्राचा ताबा एका व्यापारी संस्थेकडे जातो. शासनाकडे ठेवली तर आपल्या ग्राहकाच्या कार्डात प्रोग्रॅम घालण्यासाठी बँकेला दर वेळी शासनाच्या दारी जावे लागते. शिवाय पैशाच्या कार्डांची सुरक्षा तपासण्याची पद्धत वेगळी आणि शासकीय ओळखपत्रांची वेगळी. एकाच चिपवर दोन्ही असले की एका बाजूने केलेल्या सुधारणेमुळे दुसऱ्या बाजूला धक्का बसला नाही ना, हेही पुन्हा तपासावे लागते. सामान्य माणसाच्या कानावर या गोष्टी कधी येत नाहीत, पण अशा योजना रखडतात त्यात या भांडणाचा वाटा मोठा असतो.

टेकवून पैसे देण्याच्या सोयीने आणखी एक पेच निर्माण केला आहे. पैशाच्या प्रोग्रॅमचे काम पटकन उरकले पाहिजे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून पाच हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन न घालता परवानगी आहे आणि काही सेंटिमीटरवर आलेल्या कोणत्याही यंत्राला कार्ड आपला क्रमांक सहज सांगते. ओळखीच्या प्रोग्रॅमने मात्र गप्प राहणे अपेक्षित असते. चिप असलेल्या पारपत्रात ही काळजी घेतलेली आहे. पारपत्राच्या आतल्या पानावर छापलेल्या ओळी यंत्राने आधी वाचल्याशिवाय चिप तोंड उघडत नाही, त्यामुळे गर्दीत कोणी खिशाजवळ यंत्र धरून माहिती चोरू शकत नाही. म्हणजे एका कार्डातल्या एकाच अँटेनावर एकाने लगबगीने उत्तर द्यायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक प्रश्नावर संशय घ्यायचा, अशी विभागणी करावी लागते. हे जमवता येते, पण त्यात हलगर्जीपणाला जागा नसते.

ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले त्यांच्याकडे आता वळू. मलेशियाने २००१ मध्ये ‘मायकॅड’ हे बहुउद्देशीय कार्ड आणले. राष्ट्रीय ओळखपत्र, वाहन परवान्याची माहिती, आरोग्यविषयक नोंदी, टोलनाक्यावर चालणारे पैशांचे पाकीट आणि एटीएम कार्ड इतकी कामे त्यात घातली होती. ओळखपत्र म्हणून ते देशभर रुजले, पण एटीएम कार्ड म्हणून रुजले नाही. लोकांनी बँकेचे कार्ड वेगळेच बाळगणे पसंत केले आणि बँकांनाही तेच हवे होते. नायजेरियाने ऑगस्ट २०१४ मध्ये मास्टरकार्डच्या सहकार्याने ओळखपत्र आणि प्रीपेड देयक कार्ड एकत्र असलेले राष्ट्रीय कार्ड सुरू केले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी स्वतः ते स्वीकारले. पहिल्या टप्प्यात १ कोटी ३० लाख कार्डे देण्याचा मानस होता. राष्ट्राच्या ओळखपत्रावर परदेशी कंपनीचे बोधचिन्ह कशाला, अशी टीका तिथे झाली. प्रत्यक्षात छपाई आणि वाटप रेंगाळले आणि कार्डाऐवजी ११ अंकी राष्ट्रीय क्रमांकच व्यवहारात महत्त्वाचा ठरला. पुढे २०२४ मध्ये त्या देशाने नव्या कार्डाची घोषणा केली, ती मात्र ‘आफ्रिगो’ या स्वतःच्या देयक व्यवस्थेवर आधारलेली होती. मला यातला बोध चिन्हापुरता वाटत नाही. पैशाची व्यवस्था करारावर चालते आणि करार बदलतात, ओळखपत्राकडून मात्र आयुष्यभराच्या सोबतीची अपेक्षा असते.

आता हरवण्याचा प्रश्न पाहू. समजा, ठाण्याला राहणाऱ्या एका नोकरदार बाईंची पर्स दादरला गाडी बदलताना गेली. आजच्या व्यवस्थेत त्या फलाटावरूनच बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करतात किंवा दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून तो लावतात आणि काही मिनिटांत कार्ड बंद होते. त्या कार्डाचा क्रमांक कायमचा मरतो, नवे कार्ड नव्या क्रमांकासह टपालाने घरी येते. ओळखपत्राचे तसे नसते. त्याची हरवल्याची नोंद पोलिसांत करायची, दुसरी प्रत मागवायची, पण क्रमांक तोच राहतो, कारण माणूस तोच असतो. आता दोन्ही एकाच कार्डावर आहेत असे धरा. बँकेने पैशाचा कप्पा बंद केला तरी त्या प्लास्टिकवर छापलेले नाव, छायाचित्र आणि पत्ता चोराच्या हातात तसेच राहतात. नवे कार्ड घ्यायला त्या बाई शाखेत गेल्या की बँक प्रथम ओळखीचा पुरावा मागणार आणि पुरावा तर हरवलेल्या कार्डावरच होता. ओळखपत्राच्या कार्यालयात गेल्या तर तिथे शुल्क ऑनलाइन भरायला सांगणार आणि ते भरण्याचे कार्डही तेच होते. मोबाइल वाचला असेल तर यूपीआयने निभावेल, पण मुंबईत पर्स जाते तेव्हा मोबाइल बहुधा तिच्यातच असतो.

याच्या उलट बाजूही आहे. पाकीट मारणाऱ्याने पैसे काढून घेतले आणि कागदपत्रे टपालपेटीत टाकली, मग ती घरपोच आली, असे किस्से मुंबईकरांनी ऐकलेले असतात. परत आलेले ओळखपत्र पुन्हा वापरता येते. परत आलेले बँकेचे कार्ड मात्र एकदा बंद केले की कात्रीनेच तोडायचे असते. जोडकार्ड परत आले तर त्याचे काय करायचे, याचे सरळ उत्तर कोणत्याच नियमपुस्तिकेत बसत नाही.

मुदतीचाही मेळ बसत नाही. बँकेचे कार्ड काही वर्षांनी बदलावे लागते, तर पारपत्र प्रौढांना दहा वर्षांसाठी मिळते. मध्येच आपण बँक बदलली, खाते गोठवले गेले किंवा कार्डावरचे वार्षिक शुल्क परवडेनासे झाले, तर ओळखपत्रही बदलायचे का? ज्यांचे बँकेत खातेच नाही त्यांचे काय आणि लहान मुलांचे काय, हे प्रश्न तर मूलभूत आहेत. स्वीडनमध्ये उलट्या दिशेने हाच अनुभव येतो. तिथे २००३ पासून बँकांनी दिलेली ‘बँकआयडी’ ही डिजिटल ओळख जवळजवळ सर्वत्र चालते, शासकीय कामांतही चालते आणि ती अत्यंत सोयीची आहे. परंतु ती मिळवायला बँकेत खाते लागते, त्यामुळे नुकत्याच देशात आलेल्या माणसाची पंचाईत होते.

फसवणुकीच्या जबाबदारीत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली, तर त्याचे उत्तरदायित्व शून्य असते. चार ते सात दिवस लावले तर ते ठरावीक मर्यादेपर्यंत असते. म्हणजे पैशाच्या नुकसानीला घड्याळ आहे, मर्यादा आहे आणि भरपाईचा मार्ग आहे. आपल्या ओळखपत्रावर कोणी सिम कार्ड घेतले किंवा कर्ज उचलले, तर असे कोणतेही घड्याळ धावून येत नाही. तक्रारी, प्रतिज्ञापत्रे, पतमानांकनातील दुरुस्ती हे सारे आपल्यालाच निस्तरावे लागते. पैसा गेला तर परत जमा होऊ शकतो, उघड झालेली जन्मतारीख मात्र बदलून मिळत नाही. ज्या वस्तूचा गैरवापर भरून निघतो आणि ज्या वस्तूचा निघत नाही, त्या दोन्ही एका प्लास्टिकवर आणून रोज उपाहारगृहातल्या वेटरच्या हाती देणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

एस्टोनियाचे उदाहरण या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे. त्या देशाने २००२ पासून चिप असलेले ओळखपत्र दिले. त्याने बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश करता येतो आणि कागदपत्रांवर स्वाक्षरीही करता येते. पण त्यात पैशाचा प्रोग्रॅम नाही, कार्ड केवळ आपण कोण ते सिद्ध करते आणि पुढचे काम बँक करते. २०१७ मध्ये या कार्डांतील चिपच्या किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत दोष आढळला आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ७ लाख ६० हजार कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या देशात हा आकडा केवढा, हे सांगायला नको. लोकांनी घरबसल्या किंवा सेवा केंद्रांत जाऊन प्रमाणपत्रे अद्ययावत केली. त्या काळातही दुकानात खरेदी चालू राहिली, कारण खरेदीचे कार्ड वेगळे होते.

भारताने, कदाचित फारसे ठरवून नव्हे, तिसराच मार्ग धरला: कार्डे वेगळी ठेवायची आणि पाठीमागे क्रमांक जोडायचे. मुंबईकराला ही रीत लोकलच्या पासामुळे फार पूर्वीपासून परिचित आहे. पासाबरोबर रेल्वेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र वेगळे असते आणि त्याचा क्रमांक पासावर लिहिलेला असतो. पास महिन्याने किंवा तीन महिन्यांनी बदलतो, ओळखपत्र तेच चालत राहते, आणि पास हरवला म्हणून कोणी ओळख गमावत नाही. आधारचे स्वरूपही मुळात कार्डाचे नसून १२ अंकी क्रमांकाचे आहे. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. आज मिळणाऱ्या आधारच्या प्लास्टिक कार्डातही चिप नसते, तर शासनाच्या डिजिटल स्वाक्षरीसह माहिती असलेला क्यूआर कोड असतो. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली तेव्हाही खातेदाराला रुपे डेबिट कार्ड वेगळेच मिळाले.

तथापि जोडणीलाही धोके आहेत. आधारवर आधारित देयक प्रणालीत कार्डाची गरजच उरत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या बँक प्रतिनिधीकडून पैसे काढता येतात. जिथे शाखा कोसांवर आहे तिथे हे वरदान ठरले. परंतु दस्तऐवजांवरील ठशांची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे प्रकारही घडले, आणि पिन बदलता येतो तसे बोट बदलता येत नाही. म्हणून जे ही सोय वापरत नाहीत त्यांनी आधारच्या अ‍ॅपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करून ठेवणे चांगले. जोडणी सक्तीची असावी का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बँक खाते आणि मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याची सक्ती रद्द केली. पॅनशी जोडणी आणि शासकीय अनुदानांसाठीचा वापर मात्र कायम राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने बँकेत ओळख पटवण्यासाठी स्वेच्छेने आधार देण्याची वाट मोकळी केली. खाते उघडताना पारपत्र, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र देण्याचा पर्याय आजही आहे, हे काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्याला कधी कधी आठवण करून द्यावे लागते इतकेच.

राष्ट्रीय पातळीवर जोडकार्ड आले नसले तरी लहान प्रमाणावर ते मुंबईत सर्रास आढळते. काही महाविद्यालयांची ओळखपत्रे बँकेच्या सहकार्याने बनतात: पुढे छायाचित्र, नाव आणि हजेरी क्रमांक, त्याच कार्डावर चिप आणि डेबिट कार्डाची सोय. काही कार्यालयांत दरवाजा उघडणारे कार्डच उपाहारगृहातले पैसेही भरते. हे मला तितके धोकादायक वाटत नाही, कारण अशा कार्डावरची ओळख मर्यादित असते. ती नागरिकत्वाची वा जन्मतारखेची नसून त्या आवारात प्रवेश करण्याइतकीच असते आणि संस्था सोडली की संपते. तरीही कार्ड घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. डेबिटची सोय नको असेल तर साधे ओळखपत्र मिळेल का? कार्ड हरवल्यावर बँकेला कळवले की फाटकावरचा प्रवेशही बंद होतो का, की तो वेगळा कळवावा लागतो? संस्थेने आपली कोणती माहिती बँकेला दिली? उलट दिशेची काळजी कमी आहे, कारण सहभागी संस्थेचे नाव असलेल्या कार्डांवरील व्यवहारांची माहिती त्या संस्थेला मिळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आहेत.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाविद्यालय सोडताना ना-देय प्रमाणपत्रासाठी ग्रंथालयात ओळखपत्र जमा करून घेतले जाते आणि जोडकार्ड असले तर त्याच्याबरोबर डेबिट कार्डही जाते. खाते मात्र बंद होत नाही. त्यामुळे कार्ड जमा करण्याच्या आधीच शाखेत अर्ज देऊन स्वतंत्र डेबिट कार्ड मागवून घ्यावे, अन्यथा शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता खात्यात जमा होईल आणि तो काढायला पासबुक घेऊन जुन्या शाखेच्या रांगेत उभे राहावे लागेल.